दिगूकाकांचं पुढचं वाक्य

शेजारच्या पाटणकरांचे वडील गेले, तेव्हा आळीतली मंडळी भेटायला गेली होती. अशा वेळी काय बोलायचं ते कुणालाच धड सुचत नाही. एक गृहस्थ 'फार वाईट झालं' इथपर्यंत आले आणि अडले. त्यांनी घसा खाकरला, उपरणं सावरलं, छताकडे पाहिलं. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेल्या दिगूकाकांकडून स्वच्छ कुजबूज आली, "पण सुटले बिचारे." गृहस्थांनी ते वाक्य झेललं. "पण सुटले बिचारे," ते म्हणाले आणि पुन्हा अडले. "मुलांनी सेवा केली," भिंतीकडून आलं. "मुलांनी सेवा केली," गृहस्थ म्हणाले. असं करत करत दिगूकाकांनी त्यांचं अख्खं सांत्वन पार पाडून दिलं. बाहेर पडताना ते गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, "आज मी बरा बोललो, नाही?"

दिगूकाका बावीस वर्षं एका संगीत नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाचं पुस्तक धरायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य त्याच्या कानात पोचवायचं, हा त्यांचा धंदा. पुढे बोलपट आले, नाटकांना माणसं येईनात, कंपनी बसली. पन्नास सालानंतर पिंपरीला नवे कारखाने उभे राहू लागले, तेव्हा त्यातल्या एका कंपनीत त्यांना टाइमकीपरची नोकरी मिळाली आणि ते चिंचवडला आमच्या शेजारी एका खोलीत राहायला आले. एकटेच होते. लग्न का केलं नाही असं माझ्या आईने विचारलं, तेव्हा म्हणाले, "वहिनी, मुक्काम दर पंधरा दिवसांनी हलायचा. बायकोने पत्ता काय सांगितला असता?"

कंपनी सुटली, पण सवय सुटली नाही. बोलता बोलता कुणी थांबलं की काकांचे ओठ हललेच. देवळात कीर्तनकारबुवा रंगात येऊन मुद्दाम क्षणभर थांबले, तर काकांनी पुढचा शब्द पुरवला. बुवा चिडले. "अहो, मी विसरलो नव्हतो, थांबलो होतो!" काका शांतपणे म्हणाले, "बुवा, थांबलेल्याचं आणि विसरलेल्याचं तोंड सारखंच दिसतं. जोखीम कशाला घ्या?" पंधरा ऑगस्टला कारखान्याचे साहेब भाषणाला उभे राहिले. "बंधूंनो आणि," एवढं म्हणून त्यांनी कागद उलटला. काकांनी मागून "भगिनींनो" दिलं आणि साहेबांनी ते घेतलं. त्या कारखान्यात तेव्हा औषधालासुद्धा एक भगिनी नव्हती.

बावीस वर्षं कुजबुजून त्यांचा आवाज तसाच होऊन बसला होता. ते कधी मोठ्याने बोलत नसत. कुजबूज मात्र अशी, की पन्नास हातांवरच्या माणसाला कळावी आणि दहा हातांवरच्या माणसाला ऐकू येऊ नये. भोसरीहून भाजी घेऊन येणारी गंगूबाई त्यांना नेहमी म्हणायची, "मोठ्यानं बोला की वो! मेथी हाय ही, चोरीचा माल न्हाई!"

आता माझं सांगते. मी मॅट्रिक झाले तेव्हा माझा गळा बरा होता आणि डोकं जरा जास्तच गरम होतं. मला संगीत नाटकाचं रीतसर शिक्षण घ्यायचं होतं. गाणं, अभिनय, सगळं. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू, चिंचवडच्या पोस्टात पोस्टमास्तर होते. त्यांनी माझ्यासाठी मास्तरणीच्या ट्रेनिंगचा फॉर्म आणून ठेवला होता. नाटकाचं नाव काढलं, तेव्हा ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला भांडता आलं असतं. ते नुसतं म्हणाले, "शालू, त्या फॉर्मवर सही करून ठेव. महिनाअखेर मुदत आहे." मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी आईने थालीपीठ केलं, म्हणून जेवले.

दिगूकाकांनी हे सगळं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. संध्याकाळी कारखान्यातून आले, ते सायकल न लावताच आमच्या दारात उभे राहिले. अप्पा पोस्टातच होते. "गा," ते मला म्हणाले. मी गायले. मग म्हणाले, "रड." मी रडले, तेव्हा मला ते सोपंच होतं. "हस." हसले. काकांनी मान हलवली. "उद्या सहाला घाटावर ये. तालीम. आणि तालमीत मी तुला शालू म्हणणार नाही. शालिनीबाई म्हणेन. तालमीत कुणी कुणाचा काका नसतो."

आईने सांगितलं, घाटावर जायला काही हरकत नाही, पण दिवेलागणीला घरी. अप्पांना हे ठाऊक होतं की नव्हतं, ते मला तेव्हा कळलं नाही. ते विचारत नसत आणि आम्ही सांगत नसू.

पवनेच्या घाटावर काकांनी मला पायरीवर उभं केलं. स्वतः आवाज काढायचे नाहीत, पण माझा आवाज त्यांना पलीकडच्या तीरावर थेरगावापर्यंत जायला हवा होता. "ओरडायचं नाही, पोचवायचं," हा त्यांचा मंत्र. त्यांच्या कंपनीच्या एका जुन्या नाटकात राजा राणीला सोडून निघतो, असा प्रवेश होता. मी राणी. मी जीव ओतून म्हटलं, "महाराज, मला एकटीला टाकून कुठे निघालात?" पलीकडच्या काठावर एक शेतकरी बैल धूत होता. तो कमरेवर हात ठेवून ओरडला, "कुटं बी न्हाई निघालो, बाई! हितंच हाय!"

मला हसू आवरेना. काका मात्र गंभीर. "पोचलं," ते म्हणाले. "आता उद्या त्याला रडू आलं पाहिजे." तो शेतकरी पुढे महिनाभर बैल धुवायला बरोबर सहालाच यायचा.

आता शिकायचं कुठे, हा प्रश्न होता. तशा दोन जागा होत्या. एक पुण्याला. काकांच्या जुन्या कंपनीच्या मालकांनीच तिथे संगीत नाटकाचा वर्ग काढला होता. आगगाडीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं. दुसरी मुंबईला. एका कॉलेजाला जोडून नवीन विद्यालय निघालं होतं, तीन वर्षांचा अभ्यासक्रम, मुलींसाठी वसतिगृह, आणि चाचणीत पहिल्या येणाऱ्या दोघांना शिष्यवृत्ती. काकांनी दोन्हीकडे पत्रं टाकली. माणसं शुल्क विचारतात, वेळ विचारतात. काकांनी पहिला प्रश्न विचारला होता, "आपल्या येथे प्रॉम्प्टर कोठे बसतो?"

उत्तरं आली. मुंबईचं टाइप केलेलं होतं. "प्रॉम्प्टर ठेवला जात नाही. विद्यार्थ्यांनी संपूर्ण नाटक पाठ करावयाचे असते." काकांनी ते तीनदा वाचलं. त्यांच्या तोंडावरून वाटावं, की तिकडे लोक पायाने जेवतात असं कुणी कळवलंय. पुण्याचं पोस्टकार्ड होतं. ते त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं, "प्रॉम्प्टर उजव्या विंगेत बसतो. वर्ग रोज भरतो. मुलीचा गळा चांगला असल्यास अवश्य आणावी." आणि कार्ड खिशात घातलं.

मला वाटलं, संपलं, पुणे ठरलं. मला स्वतःला पुणेच बरं वाटत होतं. घर सुटणार नव्हतं, काका दर आठवड्याला गाडीने येऊन तालीम बघून गेले असते. पण दोन दिवसांनी काका आले आणि म्हणाले, "मुंबई."

"अहो, पण तिथे प्रॉम्प्टर नाही!" मी म्हटलं.

"म्हणूनच," काका म्हणाले. "मालकांच्या वर्गात तुला चार पदं शिकवतील, दोन वर्षं गाऊन घेतील आणि गळा बसला की दुसरी मुलगी आणतील. ते मी पाहिलंय. जिथे मागून सांगणारा कुणी नाही, तिथे जा." आळीत सगळे हसले. प्रॉम्प्टरच म्हणतो, प्रॉम्प्टर नको! मीही चिडले होते. मला वाटलं, यांना माझी कटकट झाली असेल, म्हणून लांब पाठवतायत. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घ्या शालिनीबाई, पुढचं वाक्य."

खरं आश्चर्य त्याच आठवड्यात घडलं. एके दिवशी सकाळी अप्पा चहा पिता पिता म्हणाले, "मुंबईची चाचणी कधी आहे? दिगूभाऊंबरोबर जाऊन ये. लागलीस तर बघू." मास्तरणीचा फॉर्म त्यांनी घडी करून पंचांगात ठेवला. का, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मिळतंय तेव्हा विचारू नये, इतकी अक्कल मला होती.

चाचणीसाठी काकांनी मला राजाराणीच्या त्याच प्रवेशाची नक्कल करून दिली. हे जरा समजावून सांगायला हवं. जुन्या कंपन्यांत नटाला सगळं नाटक देत नसत. फक्त त्याची वाक्यं हाताने उतरवून देत, त्याला नक्कल म्हणत. समोरच्याच्या भाषणाचा फक्त शेवटचा शब्द वर लिहिलेला असे. तो शब्द कानावर पडला की आपण सुरू व्हायचं. बाकी समोरचा काय बोलतो याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. माझ्या नकलेत राणीच्या प्रत्येक वाक्यावर एकच शब्द होता, 'असो'.

"काका, राजा दर वेळी असोच म्हणतो?"

"राजा आहे तो. काहीही म्हणेल. तुला काय करायचंय?"

तालमीत काका राजा व्हायचे. तेही कसे? "हूं हूं हूं हूं, हूं हूं, असो." की मी सुरू. महिनाभर मी त्या 'असो'वर चिडले, रडले, पदर डोळ्याला लावला. इतकी तयार झाले, की घरी अप्पा "असो" म्हणून उठले तरी माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

मुंबईला पोचलो. मोठं दालन, समोर टेबलाशी तीन परीक्षक. मधल्या बाई पांढऱ्या पातळातल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. बरोबरच्या माणसांनी दाराबाहेर बसायचं होतं. काका बाहेर बाकावर बसले, दाराच्या फटीला अगदी लगटून. गाणं छान झालं. बाई हसल्या. मग म्हणाल्या, "आता प्रवेश. राजाची वाक्यं मी वाचते." आणि छापील पुस्तक उघडलं.

बाईंनी राजाचं भाषण वाचलं. थांबल्या. मी उभी. माझं तोंड राणीचं, डोळे भरलेले, ओठ थरथरतायत, सगळं जय्यत तयार. पण 'असो' काही आलं नाही. मी वाट बघत राहिले. बाईंना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा वाचलं. मी पुन्हा थरथरले. शेजारच्या परीक्षकांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

तेवढ्यात दाराच्या फटीतून ती ओळखीची कुजबूज आली. "असो."

मी सुटले! काय बोलले म्हणता! वाक्य संपलं. बाईंनी चमकून दाराकडे पाहिलं, पण पुढचं भाषण वाचलं. दार म्हणालं, "असो." मी पुन्हा सुरू. तिसऱ्या 'असो'ला बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "तो कोण राजा बाहेर बसलाय, त्याला आत बोलवा."

काका टोपी हातात घेऊन आत आले. मी इतकी घाबरले होते, की सगळं खापर त्यांच्यावर फोडायला माझी जीभ तयार होती. बाईंनी नक्कल मागून घेतली. पाहिली. "हे 'असो' कुठून आलं? पुस्तकात तर एकही नाही."

काकांनी छापील पुस्तक हातात घेतलं. दोन पानं चाळली आणि त्यांचा चेहराच उतरला. मग सांगितलं. त्यांच्या कंपनीत राजाचं काम करणारा नट भाषण कधीच पुरं करत नसे. अर्ध्यात विसरायचा आणि 'असो' म्हणून सुटायचा. समोरची राणी खोळंबायला लागली, तेव्हा मालकांनी हुकूम केला, की पुस्तकातच तसं लिहून टाका. काकांनी खोडलं आणि लिहिलं. बावीस वर्षांत मूळ काय होतं तेच ते विसरून गेले. "चूक माझी आहे बाई," ते कुजबुजले. "पोरीची नाही. तिला मी जेवढं दिलं तेवढं तिने केलं."

बाईंनी नक्कल घडी करून मला परत दिली. मग काकांना म्हणाल्या, "तुम्ही खाली फाटकापर्यंत जा. तिथून ऐकू येणार नाही." आणि मला म्हणाल्या, "मी वाचते ते ऐक. शब्दासाठी थांबू नकोस. मी काय म्हणतेय ते कळलं, की बोल."

तेव्हा मी राजाचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं. तो बिचारा सांगत होता, की मी लढाईला निघालोय, परत येईन की नाही ठाऊक नाही, माझ्या म्हाताऱ्या आईला सांभाळ. आणि मी महिनाभर त्याच्यावर डाफरत होते! मला इतकी लाज वाटली, की "मला एकटीला टाकून कुठे निघालात" हे वाक्य माझ्या तोंडून अगदी हळू, कसंनुसं निघालं. थेरगावच काय, घाटाच्या दुसऱ्या पायरीवरही पोचलं नसतं. संपलं तेव्हा बाईंनी चष्मा काढून पुसला.

परतीच्या गाडीत काका खंडाळ्यापर्यंत ती नक्कल उलटसुलट वाचत होते. मग म्हणाले, "तो नट वाईट नव्हता गं. मी होतो म्हणून तो विसरायचा. मी नसतो तर झक मारत पाठ केलं असतं त्याने." मी म्हटलं, जाऊ द्या काका. पण त्यांनी ते जाऊ दिलं नाही, हे मला दिसत होतं.

पंधरा दिवसांनी अप्पा दुपारीच घरी आले. हातात मुंबईचा लिफाफा. निवड झाली होती, शिष्यवृत्तीसकट. आईने देवापुढे साखर ठेवली. मी काकांकडे धावणार, तर अप्पा म्हणाले, "बस जरा. आधी एक ऐकून जा. मी नोकरीत असं कधी केलं नाही, आणि पुन्हा करणार नाही."

मग ते सांगू लागले. पोस्टकार्ड उघडं असतं. दुसऱ्याचं वाचायचं नसतं, पण शिक्का मारताना डोळे मिटून घेता येत नाहीत. पुण्याच्या मालकांचं जे कार्ड दिगूकाकांना आलं, त्यावर काकांनी आम्हाला वाचून दाखवलं त्याच्याखाली आणखी चार ओळी होत्या. मुलीला घेऊन तुम्हीही या. वर्गाबरोबर पुन्हा प्रयोग सुरू करतोय. उजव्या विंगेतली जागा तुमचीच आहे. मात्र मुलगी आणलीत तरच जमेल, नायिकेवाचून सगळं अडलंय.

"दुसऱ्या दिवशी ते पोस्टात आले," अप्पा म्हणाले. "कार्ड घेतलं. माझ्या खिडकीपाशी उभं राहूनच लिहिलं. 'येतो. मुलीला घेऊन येतो.' मला उलटं दिसत होतं, पण वाचता आलं. शाई वाळेपर्यंत हातात धरून उभे राहिले. मग फाडलं. दुसरं घेतलं. तेही तसंच लिहिलं, तसंच फाडलं. तिसऱ्यावर लिहिलं, 'मुलगी मुंबईस जात आहे. मी येथे बरा आहे.' ते माझ्या हातात दिलं आणि कारखान्याच्या वेळेला निघून गेले." अप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "परका माणूस माझ्या मुलीसाठी एवढं करतो, आणि मी तिला अडवायचं?"

मी काकांच्या खोलीत गेले. ते रॉकेलच्या स्टोव्हवर एकट्यापुरता भात ठेवत होते. माझ्याकडे बघूनच त्यांना कळलं. "अप्पांनी पोस्टाचा कायदा मोडला वाटतं," ते म्हणाले.

"का नाही गेलात काका? आपण दोघंही गेलो असतो. तुम्हाला तुमचं नाटक मिळालं असतं."

"मला फार जायचं होतं गं," ते म्हणाले. एवढं सरळ ते कधी बोलले नव्हते. "रोज गेटवर उभा राहून मी माणसं मोजतो, आणि रोज वाटतं, आत्ता तिसरी घंटा होईल. पण मी विंगेत असतो तर तू अडलीस की माझ्याकडे बघितलं असतंस. आणि मी सांगितलं असतं. मला गप्प बसता येत नाही, तुला माहीत आहे. मग तू आयुष्यभर माझ्याकडेच बघत राहिली असतीस." भाताला उकळी आली, ती त्यांनी बघितलीच नाही. मी झाकण काढलं. "आता सहाला मी काय करणार, ते मात्र मला कळत नाही," ते म्हणाले.

मला रडू फुटलं, आणि हे रडू कुणी शिकवलेलं नव्हतं. काकांनी मला रडू दिलं. मग जरा संकोचत म्हणाले, "एक मागू? बावीस वर्षं मी नाटक विंगेतूनच बघितलंय. नटाचा एक कान आणि अर्धं नाक. रात्री त्यांना टाळ्या पडायच्या, त्या कशाला पडतायत ते मी कधी बघितलं नाही. एकदा तो प्रवेश करशील? मी समोर बसतो."

खोलीत एकच खुर्ची होती. ती त्यांनी भिंतीपर्यंत मागे सरकवली, धोतर झटकून बसले, आणि हात कुठे ठेवायचे ते न कळून मांडीवर ठेवले. त्या हातांत पुस्तक नव्हतं. मी राजाची वाक्यंही म्हटली आणि राणीचीही म्हटली. शेवटचं पद म्हटलं. मध्ये दोनदा अडले, पण काकांना ते कळलंच नाही, इतके ते बघत होते.

"समोरून असं दिसतं होय," पद संपल्यावर ते म्हणाले. मग उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाले, "फार चांगलं दिसतं गं. जा तू."